दगडातील स्मरण : चिनी शवपेटिका आणि सह्याद्रीतील थेरांचे स्तूप

प्राचीन चीनमधील कोरीव दगडी शवपेटिकांचा आणि थडग्यांतील शिल्पकलेचा विचार परभणीसारख्या गोदाकाठच्या जिल्ह्यात बसून कशासाठी करावयाचा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, चीनच्या भूमीवर तथागतांच्या ज्या अगदी आरंभीच्या प्रतिमा सापडल्या, त्यांपैकी काही विहारात अथवा चैत्यगृहात सापडलेल्या नसून थडग्यात सापडल्या आहेत. दुसरे कारण अधिक निकटचे आहे. मृताचे स्मरण दगडात कसे करावे, हा प्रश्न आज आपल्याही समाजापुढे उभा आहे. मराठवाड्यातील अनेक गावांत शेताच्या बांधावर, विहाराच्या आवारात, वस्तीच्या कडेला आप्तांची स्मारके उभी राहत आहेत. त्यांवर काय कोरावे आणि काय कोरू नये, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. हा विचार करताना चीनमधील शवपेटिका आणि आपल्या सह्याद्रीतील थेरांचे स्मारकस्तूप यांची तुलना उद्बोधक ठरेल, या भूमिकेतून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

स्मारकशिल्प पाहताना एक कसोटी लावून पाहावी, असे आम्हांस वाटते. हा दगड कोणाशी बोलतो आहे? मृताशी, की त्याच्यामागे उरलेल्या जिवंत माणसांशी? या एका प्रश्नाने कलेचे आणि तिच्यामागील जीवनदृष्टीचे बरेचसे स्वरूप उलगडते.

थडग्यातील अर्धवट उघडे दार

चीनमध्ये हान राजवटीच्या उत्तरार्धात, म्हणजे इ. स. २५ ते २२० या काळात, सिचुआन प्रांतात तांबड्या वालुकाश्माच्या टेकड्या पोखरून थडगी कोरली जात. त्यांत अखंड दगड कोरून घडविलेल्या शवपेटिका ठेवीत आणि पेटिकेच्या चारही बाजूंवर उठावाची शिल्पे कोरीत. लुशान येथील वांग हुई नामक अधिकाऱ्याची इ. स. २१२ मधील शवपेटिका या प्रकारातील एक उत्कृष्ट नमुना मानली जाते. तिच्या दोन लांब बाजूंवर एकीकडे ड्रॅगन आणि दुसरीकडे वाघ आहे. पायाकडील बाजूस सर्पाने वेढलेले कासव आहे. शिरोभागी दोन झडपांचे एक दार असून त्यातील एक झडप किंचित उघडी आहे आणि तिच्याआडून एक व्यक्ती डोकावते आहे. ड्रॅगन आणि वाघ यांच्या अंगातील वळणे इतकी सजीव आहेत की, शिल्पकाराच्या हाताला दाद दिल्यावाचून राहवत नाही.

हे दार कोठे उघडते, याचे उत्तर त्याच प्रांतातील ज्यानयांग येथे सापडलेल्या दुसऱ्या एका शवपेटिकेने दिले आहे. तिच्यावरील चित्रांशेजारी त्यांची नावेच कोरलेली आहेत. दाराच्या चित्रापाशी ‘स्वर्गाचे द्वार’ या अर्थाचे शब्द आहेत आणि एका इमारतीपाशी ‘महाकोठार’ या अर्थाचे. म्हणजे मृताने या दारातून स्वर्गात जावयाचे आणि तेथे त्याच्यासाठी धान्याचे कोठार भरलेले असावयाचे. इतर अनेक थडग्यांत पश्चिमेची राणीमाता ड्रॅगन आणि वाघ यांच्या आसनावर बसलेली दिसते. ती अमरत्व देणारी देवता होय. काही थडग्यांत काशाचे झाड पुरलेले आढळते व त्याच्या फांद्यांना पानांबरोबर नाणी लागलेली असतात. ज्याने आयुष्यभर अधिकार आणि धन भोगले, त्याला मृत्यूनंतरही तेच भोगता यावे, ही या कलेमागील इच्छा आहे.

लेशानजवळील माहाओ येथील थडग्यात तथागतांची प्रतिमा आहे ती याच परिसरात. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील या थडग्याच्या आतील दालनाच्या दारावर ती कोरलेली आहे. ती हातभरही उंच नाही. मस्तकावर उष्णीष, मागे प्रभामंडल, उजवा हात अभयमुद्रेत आणि डाव्या हातात चीवराचे टोक, अशी ती बैठी मूर्ती आहे. पेंगशान येथे सापडलेल्या पैशाच्या झाडाच्या मातीच्या बैठकीवरही बुद्धमूर्ती आहे आणि ती आज नानजिंगच्या संग्रहालयात आहे. कलेतिहासकार वू हुंग यांनी १९८६ साली या प्रतिमांचा साकल्याने विचार केला आणि असे दाखवून दिले की, रूप बौद्ध असले तरी त्यांमागे बौद्ध विचार असेलच असे म्हणता येत नाही. जेथे एरवी राणीमाता बसावयाची, तेथे हा दूरदेशीचा नवा ‘अमर’ पुरुष बसविण्यात आला.

ही गोष्ट आपण शांतपणे समजून घ्यावयास हवी. ज्याने सर्व संस्कार अनित्य आहेत असे सांगितले, त्याची प्रतिमा अमरत्वाच्या आशेने थडग्याच्या दारावर लागली. ज्याने धनसंचयाचा मोह सोडला, तो पैशाच्या झाडाच्या मुळाशी जाऊन बसला. यात त्या अनाम शिल्पकारांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत मूर्ती पोहोचली होती, धम्म पोहोचला नव्हता. मूर्ती धम्माच्या आधी पोहोचली की ती जुन्याच श्रद्धेच्या कोनाड्यात बसते, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे.

पुत्राचे कर्तव्य

पुढे धम्म चीनमध्ये रुजला, लेणी कोरली गेली, भिक्खुसंघ वाढला. तरीही शवपेटिकेवरील चित्रे सहजासहजी बदलली नाहीत. उत्तर वेई राजवटीतील, इ. स. ५२५ च्या सुमाराची एक दगडी शवपेटिका अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या नेल्सन-अॅटकिन्स संग्रहालयात आहे. या काळापर्यंत लुंगमेन येथे भव्य बुद्धमूर्ती कोरल्या जाऊ लागल्या होत्या. या पेटिकेवर मात्र आज्ञाधारक पुत्रांच्या कथा आहेत. झाडे, खडक आणि वाऱ्याने हलणारी पाने यांच्या रेषा इतक्या नाजूक आहेत की त्या कागदावर काढल्यासारख्या वाटतात.

त्यांतील एक कथा गुओ ज्यू याची आहे. घरात अन्न अपुरे पडते आणि वृद्ध मातेच्या वाट्याचे नातवाच्या मुखात जाते, म्हणून हा पुत्र आपल्या बालकाला जिवंत पुरण्यासाठी खड्डा खणतो. खड्ड्यात सोन्याचे भांडे सापडते आणि बालक वाचते. कथेने या पुत्राचा गौरवच केला आहे. आमच्या मते मात्र येथे कलेचे सौंदर्य आणि कथेची नीती यांची फारकत होते. जेथे मातापित्यांची सेवा ही दुसऱ्या जिवाच्या हत्येपर्यंत जाऊ शकते, तेथे कर्तव्याला करुणेचा आधार उरलेला नसतो.

त्याच पेटिकेवरील युआन गू याची कथा याच्या अगदी उलट दिशेने जाते. पिता आजोबांना डोलीत घालून रानात टाकून येतो, तेव्हा छोटा नातू ती डोली परत घरी आणतो. पुढे तुमच्यासाठीही ती लागेल, असे तो पित्याला सुनावतो. आपल्या वाचकांना ही कथा परिचित वाटेल. जातकसंग्रहातील तक्कल जातकात असाच प्रसंग आहे. पत्नीच्या सांगण्यावरून वासिट्ठक आपल्या वृद्ध पित्याला पुरण्यासाठी स्मशानात खड्डा खणतो. त्याचा सात वर्षांचा मुलगा शेजारीच दुसरा खड्डा खणू लागतो आणि पित्याचे डोळे उघडतात. दोन्ही कथांत म्हाताऱ्याचा प्राण वाचतो आणि जिवंतपणी केलेली सेवा मोलाची ठरते. थडग्याच्या दगडावर कोरली गेली असली, तरी युआन गूची कथा जिवंतांशी बोलते. म्हणून ती आम्हांस त्या पेटिकेवरील सर्वांत उजळ कथा वाटते.

आपल्या मातीतील स्वर्गारोहण

केवळ चीनकडे बोट दाखविणे मात्र योग्य होणार नाही. मराठवाड्यात पाराजवळ, वेशीत किंवा जुन्या देवळाच्या भिंतीला टेकून उभे असलेले वीरगळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. शेंदूर फासल्यामुळे अनेकदा त्यांवरील चित्रही दिसत नाही. वीरगळावर बहुधा तीन किंवा चार चौकटी असतात. सर्वांत खाली गाईगुरांच्या रक्षणार्थ अथवा लढाईत पडलेला वीर, त्याच्यावर युद्धाचा प्रसंग, त्याच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा हा क्रम असतो. शिरोभागी चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात.

म्हणजे हान काळातील चिनी अधिकाऱ्यासाठी जे स्वर्गद्वार उघडे होते, तेच येथील काळ्या पाषाणावर वेगळ्या रूपात उघडलेले आहे. फरक इतकाच की, चिनी शिल्प थडग्यात बंद झाले आणि वीरगळ उघड्यावर गावापुढे राहिला. मात्र बहुतेक वीरगळांवर नाव नाही. गावासाठी प्राण देणारा हा कोण होता, हे गावालाच आज सांगता येत नाही. स्वर्ग कोरला गेला आणि माणूस पुसला गेला.

नावापुरता लेख

आता सह्याद्रीतील स्मारकांकडे वळू. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेली. तेथील चैत्यगृहाच्या दक्षिणेस चौदा लहान-मोठ्या स्तूपांचा एक समूह आहे. त्यांतील पाच स्तूप कातळाच्या आत आणि नऊ बाहेर आहेत. हे स्तूप तेथे वास्तव्य करणाऱ्या थेरांचे आहेत. अंपिकिणक, धम्मगिरी, संघदिन्न अशी नावे त्यांवर वाचता येतात. नावाआधी ‘भदंत’ आणि ‘थेर’ हे आदरार्थी शब्द आहेत व शेवटी हा स्तूप त्यांचा, एवढीच नोंद आहे. कूळ, गोत्र, वर्ण यांचा पत्ता नाही. स्वर्ग नाही, अप्सरा नाही, कोठारही नाही. गोल पीठ, त्यावर अंड आणि हर्मिका, इतकेच शिल्प.

जवळच्या बेडसे येथील एका स्तूपावरील लेख किंचित अधिक सांगतो. तो गोभूती नावाच्या भिक्खूचा स्तूप आहे. गोभूती अरण्यात राहत आणि भिक्षेवर निर्वाह करीत, अशी त्यांची ओळख लेखात दिली आहे. हा स्तूप त्यांच्या आसाळमित नामक शिष्याने करविला. जो माणूस केवळ भिक्षापात्र बाळगून जगला, त्याच्या स्मारकावर त्याची राहणीच कोरली गेली. त्यासाठी पुत्र लागला नाही, शिष्य पुरेसा झाला. पिंडदानाच्या परंपरेत पुत्रावाचून गती नाही असे मानले जाते. तिच्या समोर ही एक ओळ ठेवून पाहावी.

मुंबईजवळील कान्हेरी येथे तर अशा स्तूपांची एक मोठी रांगच आहे. कातळाच्या लांबलचक पुढाव्याखाली शंभराच्या आसपास स्तूपांचे अवशेष असून बहुतेक विटांचे आहेत. त्यांच्याशी संबंधित पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या लेखांचे वाचन डॉ. शोभना गोखले यांनी केले आणि कान्हेरीच्या लेखांवरील त्यांचा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. या लेखांत थेरांची नावे आहेत आणि त्यांनी गाठलेल्या अवस्थांचा उल्लेखही आहे. कोणी अनागामी, कोणी अर्हत, कोणी त्रैविद्य. माणसाने मृत्यूनंतर काय मिळविले याची नोंद येथे नाही. जिवंतपणी कोणती उंची गाठली, याची आहे.

आक्षेप आणि अपवाद

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, हे चित्र फारच नीटनेटके आहे. आक्षेप रास्त आहे. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखसंग्रहात असे प्रतिपादन केले आहे की, भारतीय भिक्खूंना आपल्या मृतांविषयी खोल आस्था होती आणि स्तूपातील अस्थी त्यांच्या दृष्टीने केवळ आठवण नसून एक सजीव सान्निध्य होते. केवळ ग्रंथ वाचून प्राचीन बौद्धांचे जीवन कळत नाही, त्यासाठी दगड आणि हाडेही वाचावी लागतात, हा त्यांचा आग्रह मान्य करावाच लागतो. भिक्खूंनी मृतांची उपेक्षा केली, असे भाजे आणि कान्हेरी पाहिलेला कोणीही म्हणणार नाही.

दुसरा अपवाद सोपारा येथील. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, तेव्हा आत एक मोठी दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात पाषाणाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. यज्ञ सातकर्णीचे एक नाणे आणि नंतरच्या काळातील आठ धातुमूर्तीही तेथे होत्या. हीही एक बंद दगडी पेटीच होती आणि सोने तिच्यातही होते. परंतु सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याची तेरा खापरे. ती तथागतांच्या भिक्षापात्राची मानून ठेवलेली असावीत, असे पंडितजींनी मानले. चिनी पेटिकेवर धान्याचे कोठार कोरले गेले आणि सोपाऱ्याच्या पेटीत खापरे जपली गेली. दोन्हीकडे श्रद्धा आहे. ती कशावर ठेवावी, याचे उत्तर मात्र दोन्हीकडे एकच नाही.

तिसरा अपवाद आपल्या प्रदेशाच्या अधिक जवळचा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे २६ क्रमांकाचे लेणे बुद्धभद्र या भिक्खूने करविले. अश्मक राजाचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ ते आहे. अश्मक म्हणजे सुत्तनिपातातील बावरीच्या कथेत येणारा गोदावरीकाठचा अस्सक. त्या लेण्यातील लेखात बुद्धभद्राने आपला हेतू सांगितला आहे. ज्याची कीर्ती जगात टिकते तो तोवर स्वर्गात आनंदाने राहतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकणारे स्मारक पर्वतात करावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे वीरगळावरील चंद्रसूर्य आणि स्वर्ग एका भिक्खूच्या लेखातही आहेत.

परंतु लेख वाचून आत गेलेल्या माणसाला डाव्या भिंतीवर काय दिसते? सुमारे सात मीटर लांबीचे महापरिनिर्वाणाचे शिल्प. तथागत उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत आणि खाली शिष्य शोकाकुल बसलेले आहेत. कोणाचा हात गालावर आहे, कोणाची मान झुकलेली आहे. मृत्यू येथे झाकलेला नाही. स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वाटेवर तो उघडा ठेवलेला आहे. लेखातील शब्द स्वर्गाचे असले तरी लेण्यातील शिल्प अनित्यतेचे आहे. या दोहोंत शिल्पकाराने धम्म अधिक नेमका ओळखला, असे आमचे मत आहे.

आपल्यापुढील दगड

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला सांगितले आहे की, भिक्खूंनी शरीरपूजेत गुंतू नये, स्वतःच्या कल्याणासाठी झटावे. त्याच सुत्तात स्तूप चार रस्ते मिळतात तेथे उभारावा, असेही आहे. चव्हाट्यावरचे स्मारक जाणाऱ्या-येणाऱ्याच्या चित्तात प्रसन्नता निर्माण करण्यासाठी असते. सिगालोवाद सुत्तात दिवंगतांच्या नावे दान द्यावे, असे अपत्यांचे एक कर्तव्य सांगितले आहे. हे दान जिवंतांच्या हाती पडते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले, त्यामागील विचार याच सूत्राने स्पष्ट होतो. मृताला जेवू घालण्याचा व्यवहार संपला. मृताच्या नावे जिवंतांसाठी काही करण्याचे कर्तव्य मात्र उरले.

आपल्या पूर्वजांना दगडावर नाव मिळणे सोपे नव्हते. भीमा-कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मारकस्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी बावीस नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. युद्ध कोणाचे आणि कोणासाठी, हा प्रश्न वेगळा. पण ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांची नावे दगडाने राखली, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. दादरच्या चैत्यभूमीवर डिसेंबर १९७१ मध्ये जो स्तूप लोकांसाठी खुला झाला, त्याच्याही आत स्वर्ग नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला तेथे जमणारा समाज वंदन करतो आणि पुस्तके घेऊन घरी परततो.

म्हणून स्मारक उभारणाऱ्या उपासक-उपासिकांना आमचे एवढेच नम्र सांगणे आहे. छायाचित्र, संगमरवर, सोनेरी अक्षरे आणि ‘स्वर्गवासी’ हा शब्द यांच्या मोहात पडू नये. बुद्धमूर्ती बसवावयाचीच असेल, तर ती थडग्याची राखण करण्यासाठी बसविली जाऊ नये. माहाओच्या दारावर काय घडले ते लक्षात असू द्यावे. दगडावर माणसाचे नाव कोरावे. त्याखाली त्याने काय केले ते एका ओळीत लिहावे. रात्रशाळा चालविली असेल तर ते, सालगडी म्हणून राबून मुलींना शिकविले असेल तर ते, विहारासाठी जागा दिली असेल तर ते. बेडशाच्या लेखात गोभूतींची राहणी अशीच एका ओळीत मावली आहे. भाजे येथील अंपिकिणकांना तर केवळ नावच पुरले. आणि दोन हजार वर्षांनंतर परभणीतल्या आपणांस ते वाचता आले.